बोक्याचें पथ्य

आमच्या स्वयंपाकघरांतील वरच्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारीं, दीड किलो वजनाची एक पिशवी ठेवलेली असते. तिच्यांतील खाद्य घरांतील कोणाही माणसासाठीं नाहीं. तें आमच्या बोक्याचें पथ्य आहे. आणि तेवढ्याच वजनाच्या चांगल्या शाळूस जें मोल पडतें त्याच्या पंधरापटीहून अधिक मोल देऊन आम्ही तें आणतों. ही गोष्ट कोणास सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे आमची जीभ अडखळते. ती कां अडखळते याचा शोध घ्यावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहावयास बसलों आहों.

गेल्या वैशाखांतली गोष्ट. बंडू हा आमचा बोका. वय पांच वर्षें, खच्ची केलेला, अंगानें स्थूल, आणि जन्मांत उंबरठ्याबाहेर फारसा न पडलेला. एके दिवशीं सकाळपासून तो आपल्या वाळूच्या घमेल्यांत जाऊन बसे, कण्हे आणि उठून येई. घटकाभरानें पुन्हा तेंच. वाळू मात्र कोरडी. त्यास बद्धकोष्ठ झालें आहे असें निदान घरांत सर्वानुमतें ठरलें, मातोश्रींनीं त्यास चमचाभर तूप चाटविलें, आणि आम्ही निर्धास्त झालों. ही चूक पुष्कळांची होते असें मागाहून कळलें. परंतु पुष्कळांची होते म्हणून ती लहान ठरत नाहीं. दुसरे दिवशीं तो ओकला आणि न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून निपचित पडला, तेव्हां कोठें आम्हीं त्यास टोपलींत घालून डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं पोटास हात लावला मात्र, आणि विचारलें, "लघवी शेवटची केव्हां झाली?" पांच वर्षें ज्याच्याशीं एका घरांत राहिलों त्याच्याविषयींच्या या साध्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

नर मांजराचा मूत्रमार्ग टोंकाकडे अतिशय अरुंद असतो. मूत्रांतील मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्फटिक जमून त्यांची बारीक रेती बनते. ती आणि श्लेष्मा मिळून त्या वाटेंत बूच बसतें. मूत्रावाटें बाहेर पडावयाचीं द्रव्यें मग रक्तांत साठूं लागतात, पोटॅशियमचें प्रमाण चढतें, आणि वेळींच उपाय न झाल्यास दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडूं शकतें. बंडूस भूल देऊन नळी घालावी लागली, शिरेवाटें सलाईन द्यावें लागलें, आणि दोन रात्री दवाखान्यांत ठेवावें लागलें. तो वांचला. निरोप देतांना डॉक्टरांनीं एका कागदावर खाद्याचें नांव लिहून दिलें आणि बजावलें कीं, हें औषध समजा. दोन महिने याखेरीज दुसरें कांहींही तोंडांत जातां कामा नये.

मांजराचें साधें खाद्य सोलापुरांत आतां पुष्कळ दुकानीं मिळतें. या खाद्याचें नांव मात्र पहिल्या तीन दुकानदारांच्या कानांवरूनही गेलेलें नव्हतें. चौथ्यानें पुण्याहून मागवून देण्याचें कबूल केलें. भाव साध्या खाद्याच्या तिपटीहून अधिक. वाढलेल्या मांजरास दिवसाकाठीं पन्नास-साठ ग्रॅम कोरडें खाद्य लागतें, म्हणजे महिन्यास एक पिशवी, आणि पिशवीस दोन हजार रुपयांच्या आंतबाहेर. कोठें स्वस्त मिळेल म्हणून पुण्याच्या आणि हैदराबादच्या आप्तांस विचारलें. मोठी पिशवी घेतली तर किलोमागें थोडें कमी पडतें खरें, परंतु मोठी पिशवी एकदां फोडली कीं सोलापुरच्या उकाड्यांत तिचा वास उडून जातो, आणि वास उडालेल्या अन्नास मांजर तोंड लावीत नाहीं. ज्यास थोडें थोडें घ्यावें लागतें त्यास सर्व कांहीं महाग पडतें, हा बाजाराचा जुना नियम आमच्यापूर्वीं या शहरांतील हजारों घरांस पाठ होता. आम्हांस तो एका बोक्यानें शिकविला.

पिशवी घरीं आली त्या दिवशीं आमच्याकडे धुणेंभांडीं करणारी बाई ओट्याशीं उभी होती. ती पूर्वभागांत राहते. आमचें व आणखी दोन घरचें काम आटोपलें कीं उरलेला दिवस सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. पिशवीवरील मांजराच्या चित्राकडे पाहून तिनें मातोश्रींस सहज विचारलें, "आजी, केवढ्याला पडलं हे?" मातोश्री आमच्याकडे पाहूं लागल्या. आम्हीं म्हटलें, "पांचशें."

आमच्या वयास न शोभणारें हें असत्य इतक्या सहजपणें तोंडून निघालें कीं, त्याचें नवल आम्हांस रात्रीं अंथरुणावर पडल्यावर वाटलें. खर्च योग्य असेल तर लपविण्याचें कारण नाहीं. अयोग्य असेल तर करण्याचें कारण नाहीं. आम्हीं तो केलाही आणि लपविलाही. याचा अर्थ असा कीं, आमच्या कृतीचा निर्णय आमच्या बुद्धीनें केलेला नव्हता; ती त्या वेळीं दोन्हीं दारांत पाय ठेवून उभी होती.

स्नेहीमंडळींनीं दिलेला सल्ला दोन प्रकारचा होता. पहिला प्रकार व्यवहाराचा: मांजर फुकट मिळतें, हें गेलें तर दुसरें येईल, फुकटच्या वस्तूच्या दुरुस्तीस इतका खर्च कोण करतो? या विचारांत प्राण्याची किंमत त्याच्या खरेदीच्या पावतीवर ठरते. आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याची रीत तरी अशी नाहीं. २०१३ व २०१९ सालच्या दुष्काळांत सांगोला-मंगळवेढ्याकडे चाराछावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हां खिल्लार बैलांबरोबर भाकड गाईही त्या छावण्यांत दावणीला होत्या, आणि धनी त्यांच्याजवळच मुक्काम करून होते. भाकड गाय नवी घेण्याहून पोसणें महाग, हें त्या धन्यांस ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणेल काय?

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. माणसें अर्धपोटीं असतां मांजराच्या पथ्यावर पैसे घालणें ही पापाची गोष्ट आहे, असें आम्हांस निदान चौघांनीं ऐकविलें. त्यांतील एका गृहस्थांनीं त्याच महिन्यांत आपल्या चिरंजिवांच्या लग्नांत तासभर दारूकाम उडविलें होतें, आणि त्या वेळीं त्यांस अर्धपोटीं माणसांची आठवण झालेली आम्हीं पाहिली नाहीं. हें उत्तर आमच्या जिभेच्या टोंकावर होतें. तें दिलें नाहीं हें बरें केलें. आक्षेप घेणाराचे हात स्वच्छ नाहींत एवढ्यावरून आक्षेप खोटा ठरत नाहीं. शिवाय तोच आक्षेप, एक शब्दही न बोलतां, ओट्याशीं उभ्या असलेल्या त्या बाईनेंही घेतला होता, आणि तिचे हात आमच्याहून स्वच्छ होते.

दयेच्या मार्गानें या आक्षेपास उत्तर सांपडत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. आपल्या संतचरित्रांत भूतदयेचे प्रसंग विपुल आहेत. रामेश्वरास न्यावयाच्या कावडींतील गंगा एकनाथांनीं वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवास पाजली. चक्रधरस्वामींच्या मांडीखालीं शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळणारा ससा सुरक्षित झाला. या कथा ऐकतांना मन भरून येतें. परंतु त्या प्रसंगाच्या कथा आहेत. गाढव पाणी प्यालें, उठलें आणि कथा संपली. तेंच गाढव दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पैठणास येऊन उभें राहिलें असतें तर पुढें काय, हें कोणी सांगत नाहीं. आमची अडचण नेमकी तेथें सुरू होते. दया ही प्रसंगाची वृत्ति आहे. ती उसळते आणि ओसरते. पहिल्या पिशवीचे पैसे आम्हीं दयेनें दिले. दुसरीचे देतांना दया बरीच थकली होती. आणि तिसरीच्या वेळीं तिचा पत्ताच नव्हता. तरी पैसे दिले. कशाच्या बळावर दिले?

याचें उत्तर आम्हांस दुखण्याच्या कारणांत सांपडलें. मांजराचे पूर्वज वाळवंटाच्या कडेचे. त्यांस तहान थोडी लागते, आणि त्यांचे मूत्रपिंड पाणी जपून वापरतात. कारण त्यांना लागणारें बहुतेक पाणी भक्ष्यांतूनच मिळे. उंदराच्या शरीरांत सुमारें ७० टक्के पाणी असतें. पिशवींतील कोरड्या खाद्यांत सुमारें १० टक्के. जो प्राणी पाणी खात होता त्यास आम्हीं कोरडें अन्न घालून पाणी पिण्यास सांगितलें, आणि तें त्यास कळलें नाहीं. त्यांत त्यास खच्ची केलें, घरांत कोंडलें, हिंडण्याचें कारण ठेवलें नाहीं, आणि तो लठ्ठ झाला तेव्हां त्याचें कौतुक केलें. मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका कोरडें खाणाऱ्या, घरांत राहणाऱ्या, स्थूल व खच्ची बोक्यांस विशेष असतो. म्हणजे बंडूचें वर्णन म्हणून वर जीं विशेषणें आम्हीं हौसेनें लिहिलीं, तींच त्याच्या रोगाचीं कारणें होत, आणि तीं सर्व आमच्या हातचीं होत. हें सर्व आम्हीं दुष्टपणानें केलें नाहीं. त्यास रस्त्यावरच्या मोटारींपासून आणि कुत्र्यांपासून वांचविलें, शेजाऱ्यांच्या माळ्यावर पिलांची भर पडूं दिली नाहीं. परंतु ज्यानें दुसऱ्याच्या जीवनाचा सर्व कारभार आपल्या हातीं घेतला, त्यास त्या कारभारांतील तोट्यापासून हात झटकतां येत नाहींत.

तेव्हां हा खर्च दानाच्या खात्यांतला नव्हे. तो कर्जाच्या खात्यांतला आहे. दान कोणास द्यावें याची निवड करतां येते, आणि तेथें मांजरापेक्षां माणूस आधीं हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. कर्जाची गोष्ट निराळी. सावकारापेक्षां शेजारी अधिक गरजू आहे म्हणून सावकाराचे पैसे शेजाऱ्यास वांटण्याचा अधिकार ऋणकोस नाहीं. आमच्या देशाच्या कायद्यानेंही ही गोष्ट निराळ्या शब्दांनीं मानली आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे त्याच्या तिसऱ्या कलमांत, ज्याच्या ताब्यांत प्राणी आहे त्यानें त्याच्या स्वास्थ्यासाठीं आणि त्यास अनावश्यक दुःख होऊं नये यासाठीं सर्व वाजवी उपाय योजणें हें त्याचें कर्तव्य होय, असें म्हटलें आहे. कायद्यानें 'वाजवी' हा शब्द घातला आणि तो पुढें सरकला. त्या शब्दापाशीं थांबून बसण्याचें काम ज्याच्या खिशांत मोजके पैसे आहेत त्याचें.

कारण कर्ज मान्य केलें तरी तें कोणाचें व किती, हें ठरवावेंच लागतें. आमचें ऋण बंडूचें आहे. पिशवी विकणाऱ्याचें नव्हे. हा भेद सुचल्यावर आम्हीं त्या पिशवीचा इतिहास पाहिला. तो मनोरंजक आहे. अमेरिकेंत मॉरिस फ्रँक नांवाचे एक अंध गृहस्थ होते. त्यांस वाट दाखविणाऱ्या बडी नांवाच्या कुत्र्याचें मूत्रपिंड बिघडलें, म्हणून १९३९ च्या सुमारास ते मार्क मॉरिस या पशुवैद्याकडे गेले. मॉरिस यांनीं त्या कुत्र्यासाठीं निराळें अन्न बेतलें, आणि तें प्रथम त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरांतच तयार होई. १९४८ सालीं त्यांनीं कॅन्सस संस्थानांतील हिल नांवाच्या कारखानदाराशीं करार केला, आणि पथ्य दुकानांत आलें. पुढें मांजरांच्या मूतखड्यांवर संशोधन झालें. प्रथम मॅग्नेशियमवर सगळा दोष गेला. मग मूत्राची आम्लता महत्त्वाची असें दिसलें. खाद्यें अधिक आम्ल केलीं तेव्हां पहिल्या जातीचे खडे कमी झाले, परंतु कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले, जे कोणत्याही पथ्यानें विरघळत नाहींत. त्या पिशवीच्या किंमतींत या चुकांची आणि त्या सुधारण्याचीही किंमत आहे, हें न्यायानें मान्य केलें पाहिजे. तशीच तींत रंगीत चित्राची, पुण्याच्या दलालाची आणि आमच्या भीतीचीही किंमत आहे.

घरगुती उपाय शोधल्यावांचून आम्ही राहिलों नाहीं. आमचें घर शाकाहारी. पूर्वींच्या मांजरांस दूधभाकरी मिळे, आणि तीं उरलेलें पोट बाहेर आपल्या पराक्रमानें भरीत. गाईस गोग्रास, कावळ्यास काकबळी, मुंग्यांस पीठसाखर. मांजरासाठीं मात्र आपल्याकडे पान मांडण्याची रीत नाहीं, तें आपलें पान आपणच मांडून घेतें. परंतु मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्यास अन्नांतून मिळावेंच लागतें; तें वनस्पतींत मिळत नाहीं; न मिळाल्यास मांजर आंधळें होतें आणि त्याचें हृदय दुबळें होतें, ही दुसरी गोष्ट १९८७ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिली. कोंडलेल्या बोक्यास दूधभाकरीवर ठेवणें म्हणजे आपल्या अहिंसेचा खर्च त्याच्या डोळ्यांवर टाकणें होय. येथें आमच्या आणखी एका सोयीवरचा पडदा दूर झाला. पिशवींतील गोल दाणे पाहून मातोश्रींस कधीं किळस आली नव्हती, कारण ते मांसासारखे दिसत नाहींत. परंतु ते मांसच आहे. पांच वर्षें आमच्या फळीवर डाळीशेजारीं मांस होतें, आणि आम्ही शाकाहारी होतों.

त्या बाईनेंच सुचविलें कीं, उजनीची चिलापी स्वस्त असते. ती उकडून घाला. डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं मान हलविली. नुसता मासा हा पुरा आहार नव्हे. कांट्यांत फॉस्फेट भरलेलें असतें. उकडलेलें पाणी फेंकलें तर टॉरिनही त्याबरोबर जातें. आणि पथ्य चालू असतां वर दुसरें कांहीं घातलें तर पथ्याचे पैसे वायां जातात. ती वाट बंद झाली. असो.

ज्या वाटा उघड्या होत्या त्यांवर पैसे लागत नव्हते. लक्ष लागत होतें. आम्हीं तराजू आणला आणि बंडूचें रोजचें माप तोललें, तेव्हां कळलें कीं, घरांतील प्रत्येक माणूस त्यास निरनिराळ्या वेळीं "बिचारा उपाशी आहे" म्हणून घालीत होता. माप ठरल्यावर तो हळूहळू उतरला, आणि पिशवी चार आठवड्यांऐवजीं पांच आठवडे पुरूं लागली. दाणे कोंबट पाण्यांत भिजवून देऊं लागलों. पाण्याचीं भांडीं एकाच्या जागीं चार झालीं. त्यांत एक गंमत आहे. बंडूस वाहतें पाणी आवडतें; नळ थेंबथेंब गळूं लागला कीं तो मोरींत तासभर बसून पाणी पितो. आणि हें सोलापूर! उजनीचें पाणी चार-चार दिवसांआड नळास येण्याची संवय या शहरानें वर्षानुवर्षें अंगीं बाणवून घेतली. पाणी आलें कीं पिंप, हंडे, कळशा, शेवटीं तपेलींसुद्धां भरून घेणें हा आमचा कुळाचार. अशा गांवांत एका बोक्यासाठीं नळ गळता ठेवावा कसा? आम्ही आतां सकाळीं व रात्रीं दहा-दहा मिनिटें लोट्यानें त्याच्यापुढें पाण्याची धार धरतों. खालीं बादली असते; तें पाणी तुळशीस जातें. या वीस मिनिटांत आमचें लेखन-वाचन होत नाहीं, आणि पिशवीपेक्षां हा खर्च आम्हांस कित्येकदां जड जातो.

आणि पैशानेंच होईल, दुसऱ्या कशानें होणार नाहीं, असा प्रसंग पुन्हा येऊं शकतो हेंही आम्ही विसरलों नाहीं. बोका घमेल्यांत बसून कण्हूं लागला आणि वाळू कोरडी राहिली, तर त्या वेळीं पाणी, लक्ष आणि तत्त्वज्ञान यांचा कांहीं उपयोग नाहीं. त्याच तासाला टोपली उचलली पाहिजे. त्यासाठीं एका डब्यांत दर महिन्यास थोडे पैसे टाकतों. तेवढेही ज्याच्यापाशीं नसतील त्यानें काय करावें? अशा माणसास आम्ही दोष देऊं शकत नाहीं. आणि असा माणूस मांजर पाळतोच कशाला असें म्हणणाराचें तोंडही पाहूं इच्छीत नाहीं.

दोन महिन्यांनीं मूत्र तपासलें. स्फटिक दिसले नाहींत. त्या दिवशीं घरीं आल्यावर आम्हीं धीर करून त्या बाईस पिशवीची खरी किंमत सांगितली. भांडें विसळतां विसळतां तिनें मान वर केली.

"ठाऊक होतं की," ती म्हणाली. "पिशवीवरच छापलंय. त्याच दिवशी वाचलं मी."

आम्हांस कांहीं सुचेना. तिनें तें भांडें पालथें घातलें, दुसरें घेतलें, आणि मनांत कांहीं हिशेब केला. बहुधा हजार विड्यांच्या मजुरीचा असावा, कारण ती तेवढा एकच आंकडा बोटांवर धरते.

"मग माझेपण दोनशे वाढवा या महिन्यापासून," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली की."

आम्हीं वाढविले. ओट्याखालचें बंडूचें भांडें रिकामें झालें होतें. जातां जातां तिनें तें विसळून पिंपांतल्या पाण्यानें भरून ठेवलें.